बाटलीतला मेलेला आजार

उल्हासनगरच्या एका दुकानदारानं मला मेलेला विषाणू जिवंत म्हणून विकला. मी तो बारवी धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावर नेला आणि तिथल्या बायकांच्या कोंबड्यांना जिवंत म्हणूनच घातला. त्यानं फसवलं ते माहीत असून. मी फसवलं ते माहीत नसून. पण पाड्यावर तोंड दाखवायला मी गेले, तो गेला नाही.

माझा आवाज मोठा आहे, म्हणून लोकांना वाटतं मला ह्या गोष्टीचा अजून राग येतो. बाकी बऱ्याच गोष्टींचा येतो. ह्या एका गोष्टीशी आले की काहीच वाटत नाही. दात काढण्याआधी सुई टोचल्यावर आपला गाल जसा आपला राहत नाही, तसं होतं. हात लावला तर हात कळतो, गाल कळत नाही.

मी अंबरनाथची. वडील इथल्याच एका कारखान्यात होते. तो बंद पडला तेव्हा मी नववीत होते. शाळा सुटली आणि मी गावठी अंडी विकायला लागले. आधी एक टोपली, मग दोन, मग अंड्यांबरोबर कोंबड्या. बदलापूरच्या पलीकडे, बारवीच्या बाजूला, डोंगरात ठाकरांचे पाडे आहेत. तिथे घरटी पाच-दहा कोंबड्या असतात आणि त्या बाईच्या असतात. शेत नवऱ्याचं, कोंबडी बायकोची. नवरा तिला विचारल्याशिवाय कोंबडीला हात लावत नाही. मी ह्या बायकांकडून माल घ्यायचे आणि उल्हासनगर कॅम्पात विकायचे. भाव करणं मला कोणी शिकवलं नाही. कॅम्पात चार वर्षं उभं राहिलं की माणूस शिकतो. सिंधी गिऱ्हाईक कोंबडी हातात घेऊन तिची छाती चाचपायचं आणि तोंड वाकडं करायचं. मी म्हणायचे, "डोंगर चढते ती, सोफ्यावर बसत नाही. घ्यायची तर घ्या." घ्यायचे.

माझ्या धंद्याला एकच गोष्ट बुडवायची, ती म्हणजे मानमोडी. डॉक्टर लोक तिला राणीखेत म्हणतात. थंडी सरून ऊन तापायला लागलं की यायची. कोंबडी पंख टाकून बसते, हिरवं पातळ हगते, मान पाठीवर उलटी वळते आणि दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. पाड्यात शिरली की सगळी खुराडी रिकामी करूनच जाते. मी त्या दिवसांत पाड्यावर गेले की कुत्री भुंकायची, पण कोंबडा आरवायचा नाही.

बदलापूरच्या सरकारी पशुदवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला पहिल्यांदा लशीची बाटली दाखवली. बोटाएवढी बाटली, तळाला पांढरी खडूसारखी टिकली.

मी विचारलं, "ह्यात काय आहे?"

"मानमोडीच आहे."

"थट्टा करू नका, डॉक्टर."

"थट्टा कसली? तोच विषाणू. सौम्य जातीचा आहे, एवढंच. आणि जिवंत आहे. कोंबडीच्या डोळ्यात एक थेंब टाकायचा. आत जाऊन तो थोडा वाढतो, अंगाला त्याची ओळख पटते. मग खरी मानमोडी आली की अंग तयार असतं."

"म्हणजे आजार मीच नेऊन घालायचा?"

"नेऊन घालायचा. फुकट आहे, सरकारी आहे."

"फुकट असला म्हणून काय, आजार तो आजारच."

ते हसले. म्हणाले, "विषाणूला चांगलं-वाईट कळत नाही, ताई. त्याला आपली पिलावळ वाढवायची असते, बस. काही विषाणू जखमेतल्या जंतूंना मारतात. काही हरभऱ्यावरच्या अळीला मारतात, शेतकरी त्याची फवारणी करतात. पोलिओचा डोस बघितलात ना? त्या दोन थेंबांतही पोलिओच आहे, जिवंत, पण दात काढलेला."

मी म्हटलं, "एवढा कामाचा आहे तर बाजारात नाव इतकं खराब का?"

"मारतो तेव्हा दिसतो. वाचवतो तेव्हा काहीच घडत नाही. न घडलेल्या गोष्टीचं नाव कोण काढणार?"

हे मला पटलं. माझ्या धंद्यातही तसंच होतं. शंभर अंडी चांगली निघाली तर कोणी येऊन सांगत नाही. एक नासकं निघालं की दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळतं.

त्या वर्षी मी डॉक्टरांनी दिलेली बाटली बर्फाच्या थर्मासमधून पाड्यावर नेली. पाड्यावर एक म्हातारी होती, तिचा शब्द बाकीच्या बाया मानायच्या. मी तिला आजी म्हणायचे, ती मला अंडेवाली म्हणायची. तिच्या कोंबड्या वेगळ्या होत्या. मानेवर पीस नाही, लाल उघडी मान, अंगानं भरलेल्या. लग्नात तिच्या आईनं एक तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, आणि एक कोंबडा दिला होता, त्यांचीच ही औलाद. मानमोडीच्या दर फेऱ्यात ती दोन-चार पक्षी घेऊन रानातल्या खोपीत राहायला जायची, मर थांबली की परत यायची. अशी तिनं ती जात पन्नासेक वर्षं टिकवली होती. मी कितीदा म्हटलं असेल, हा कोंबडा द्या. ती म्हणायची, "अंडी ने. जीव नाय देनार."

मी बाटली काढली तेव्हा तिनं डॉक्टरांना मी विचारला होता तोच प्रश्न विचारला. मी खोटं बोलले असते तर चाललं असतं. ताकदीचं औषध आहे म्हटलं असतं तर कोणी खोलात गेलं नसतं. पण मला ते पोलिओचं उदाहरण इतकं आवडलं होतं की मी ते तसंच विकलं.

"आजी, नातीला पोलिओचा डोस पाजता ना?"

"पाजतूं. बाय येते पेटी घेऊन."

"त्यात पोलिओचाच जिवंत विषाणू असतो. ह्यात मानमोडीचा आहे. तसंच समजा."

बाजूची एक बाई म्हणाली, "आयला, म्हनजे आपन पोरांना रोगच पाजतो काय?"

"रोगाचं पिल्लू पाजतो," मी म्हटलं. "मोठा रोग आला की पिल्लू भुंकतं."

बाया हसल्या. आजीनं सगळ्यांत आधी आपला कोंबडा आणून माझ्या मांडीवर दिला. मी त्याच्या डोळ्यात थेंब टाकला. त्यानं पापणी मिटली, उघडली, आणि माझ्या मनगटाला चोच मारली.

त्या उन्हाळ्यात खालच्या पाड्यावर मानमोडी आली. वरच्या पाड्यावर आली नाही, किंवा आली आणि कोणाला कळली नाही. आजी खोपीत गेली नाही. मी गेले तेव्हा तिनं मला नाचणीची भाकरी आणि सुकट वाढलं. म्हणाली, "तुझा रोग चांगला हाय गो." तेवढंच. त्यानंतर मला पाड्यावर कुठल्याही घरात सरळ चुलीपर्यंत जाता यायचं.

पुढच्या वर्षी लस द्यायच्या सुमारास नंदुरबारकडून बर्ड फ्लूच्या बातम्या आल्या. टीव्हीवर पांढरे कपडे घातलेली माणसं कोंबड्या खड्ड्यात टाकताना दिसायची. कॅम्पात माझ्या टोपलीकडे कोणी फिरकेना. विषाणू हा शब्द मी कधी उल्हासनगरात ऐकला नव्हता, तो आता पानवाल्याच्या तोंडी होता. डॉक्टर म्हणाले, "साठा संपलाय, वरून कधी येईल सांगता येत नाही. आमची सगळी धावपळ तिकडेच आहे. हवं तर बाहेरून घ्या, पण फ्रीज असलेल्या दुकानातून."

उल्हासनगरला पशुखाद्य आणि औषधं विकणारा एक दुकानदार माझ्या ओळखीचा होता. त्याचे वडील आणि माझे वडील एका पाळीत कामाला होते. अख्ख्या कॅम्पात मी हिंदीत नाहीतर मोडक्या सिंधीत भाव करायचे, ह्या एकट्याशी मराठीत.

त्यानं फ्रीज उघडला. वर थंड पेयाच्या बाटल्या, खाली दुधाची पिशवी, दारात लस. मी बाटलीला हात लावला. गार होती.

"जिवंत आहे ना?"

"जिवंत म्हणजे? नाचतोय आत."

"लोडशेडिंगमध्ये काय करता?"

"ताई, सात तास लाइट जाते तशी येते पण. आपला फ्रीज चांगला आहे. आणि मी तुला वाईट माल देईन? तुझे बाबा काय म्हणतील वरून?"

मी भाव सांगितला. उगाच, सवयीनं, निम्मा. तो लगेच हो म्हणाला. वर म्हणाला, "दोन घे, दुसरी आणखी कमी करतो."

मी आयुष्यभर भाव केला आहे. माणूस एवढ्या लवकर खाली आला की त्याला माल काढून टाकायचा असतो, हे मला झोपेतही कळतं. माशाच्या बाबतीत कळतं, टोमॅटोच्या बाबतीत कळतं. त्या दिवशीही कळलं असणार. पण समोर ओळखीचा माणूस होता, बातम्यांमुळे बाजार पडलेला होता, आणि मी मनात म्हटलं की घाबरलेल्या दुकानदाराकडून मी चांगला सौदा मारला. मी दोन बाटल्या घेतल्या. एक थर्मासमध्ये, एक माझ्या घरच्या फ्रीजमध्ये.

पाड्यावर ह्या खेपेला कोणी काही विचारलं नाही. बाया कोंबड्या काखेत धरून रांगेत बसल्या होत्या. आजीनं उघड्या मानेच्या सगळ्या आणल्या, सात की आठ. मी गार पाण्यात लस कालवली, थर्मासच्या झाकणात बर्फावर ठेवली, आणि सगळं दोन तासांच्या आत संपवलं. हे मी पुढे अनेकदा मनात घोळवून बघितलं आहे. सावलीत बसले होते. बर्फ शिल्लक होता. थेंब प्रत्येकीच्या डोळ्यात गेला.

तीन आठवड्यांनी मानमोडी आली. आजी खोपीत गेली नाही, कारण मी थेंब टाकले होते. सगळं ह्यातच आलं. मी थेंब टाकले नसते तर ती दोन-चार पक्षी घेऊन रानात गेली असती.

मला निरोप मिळाला तेव्हा पाच दिवस होऊन गेले होते. मी बदलापूरहून टमटमनं फाट्यापर्यंत गेले आणि वर चढले. आजी ओट्यावर बसली होती. समोर शेवटची कोंबडी होती, मान पाठीवर वळलेली. ती पुढे जायला बघायची आणि मागे पडायची. आजी तिला उचलून सरळ ठेवत होती, ती पुन्हा पडत होती. मी बाजूला बसले. आम्ही दोघी बघत राहिलो. कोंबडी मेल्यावर आजीनं तिचे पाय जुळवून ठेवले.

"कोंबडा?" मी विचारलं.

"पयला त्योच."

एक बाई दारातून म्हणाली, "तूच घातलास रोग. तूच बोललीस, जित्ता रोग हाय म्हनून."

मी सांगायला लागले. जिवंत असता तर वाचल्या असत्या. मेलेला निघाला म्हणून मेल्या. मी हे बोलत होते आणि माझं मलाच ऐकू येत होतं की हे कोणालाही खरं वाटणार नाही. जगात कुठलीही वस्तू मेलेली असली की कमी धोक्याची असते. मेलेला साप, मेलेला विंचू. मी म्हणत होते की रोग मेलेला होता म्हणून रोगानं मारलं.

आजी म्हणाली, "गेल्या साली जित्ता हुता, ह्या साली मेला. तुला कसं म्हायीत?"

मला माहीत नव्हतं. मला तेव्हा फक्त तो लगेच खाली आलेला भाव आठवत होता.

दुसऱ्या दिवशी मी उल्हासनगरला गेले. दुकानाच्या बाजूला बर्फाची गाडी लावणारे एक म्हातारे सिंधी काका होते, मला अदी म्हणायचे, म्हणजे बहीण. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. ते बर्फ फोडायचे थांबले.

"अदी, वो फ्रिज तो बंद था. चार-पाच दिन. रिपेअरवाला आता नहीं था. बोतल गरम हो गया, फिर मेरे से बर्फ लेके बाल्टी में रखा. तुम आई उसी सुबह फ्रिज चालू हुआ."

"तुमने मेरे को बोला क्यों नहीं?"

"मेरे को क्या मालूम तुम क्या लेने आई? मैं समझा ठंडा पीने आई."

मी दुकानात गेले. लोक सांगतात मी खूप ओरडले. मला आठवतं ते एवढंच की मी फ्रीज उघडून थंड पेयाच्या बाटल्या एकेक करून बाहेर फुटपाथवर मांडल्या, सरळ रांगेत, आणि मग दुधाची पिशवी ठेवली. दुकानदार म्हणाला, "ताई, दूध राहू दे, घरचं आहे."

"फ्रीज किती दिवस बंद होता?"

"कोण बोललं बंद होता?"

"किती दिवस?"

त्यानं दुधाची पिशवी उचलून काखेत धरली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बघ, लस डोळ्यांनी दिसते का? जिवंत आहे का मेली, कोणाला दिसतं? तुझ्याकडूनच बिघडली नसेल कशावरून? उन्हातान्हात डोंगर चढून नेलीस. आणि कोंबड्याच होत्या, माणसं नव्हती."

मी दुसरी बाटली घेऊन डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, ही पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवा, तपासा, मेलेली निघाली की त्याला धरू. त्यांनी बाटली उजेडात धरली.

"तुमच्या घरी लाइट जाते?"

"सगळ्या अंबरनाथची जाते."

"मग मेलेली निघाली तरी काय? कोणाच्या फ्रीजमध्ये मेली, हे बाटली सांगत नाही."

"बर्फवाले काका सांगतील."

"लिहून देतील? शेजारच्या दुकानाविरुद्ध?"

काकांनी लिहून दिलं नाही. त्यांची गाडी त्याच दुकानाच्या पायरीला लागायची. त्यांचा मला राग नाही. निदान त्यांनी तोंडानं खरं सांगितलं.

इथवर हे सगळं कोंबड्यांचं होतं, आणि कोंबड्या पुन्हा पाळता येतात, मी तशी मनाची समजूत घालत होते. मग पोलिओचा रविवार आला.

डोस पाजणारी बाई माझ्या ओळखीची होती, खाली बदलापुरात हेंद्रेपाड्याला राहायची. तिचा सोमवारी फोन आला. वरच्या पाड्यावर पोरंच सापडत नाहीत, म्हणाली. घरं उघडी, चूल पेटलेली, पोरं रानात. "त्या म्हणतात अंडेवालीला विचारा ह्यात काय असतं. तू काय सांगून ठेवलंयस त्यांना?"

मी तिच्याबरोबर गेले. माझा बोलण्यावर भरवसा होता, आयुष्यभर त्याच्यावरच जगले. आजी ओट्यावर होती आणि नात तिच्या मागे, तिच्या लुगड्याचा सोगा धरून. तीन वर्षांची असेल.

"आजी, हे वेगळं आहे. हे सरकारी आहे, पेटीत बर्फ आहे, बघा."

"तुझ्याबी डब्यात बरफ हुता."

"पोरांना इतकी वर्षं पाजलंत, काही झालं?"

"कोंबड्यानला गेल्या साली तरी काय झालं हुतं? मंग झालं." ती भांडत नव्हती. समजावत होती मला. "ह्यात बी जित्ता रोग हाय. तूच बोललीस. कवा जित्ता, कवा मेला, तुला बी कळत नाय. कोंबड्या गेल्या त्या गेल्या. पोर नाय देनार."

तिचा हिशेब चुकीचा होता, पण त्यातला प्रत्येक आकडा मी दिलेला होता. डोसवाल्या बाईनं पेटी उचलली. आम्ही खाली उतरलो. नंतरच्या फेरीत काही घरांनी पोरं पुढे केली, आजीनं केली नाही. त्यापुढच्या फेरीतही नाही.

ती नात आज धडधाकट आहे. वांगणीला दिली आहे, तिला स्वतःची पोरं आहेत. दुकानदाराला कोणीतरी हे सांगितलं असावं, कारण मागे एका लग्नात भेटला तेव्हा म्हणाला, "बघ, काही झालं नाही ना शेवटी? तू उगाच मनाला लावून घेतेस." काही झालं नाही ते बाकीच्या गावांतली पोरं डोस पीत होती म्हणून. त्या पोरीच्या आजूबाजूला तो रोगच उरला नाही म्हणून. त्यात ह्या दुकानदाराचं काही श्रेय नाही.

आजी अजून आहे. आता तिला नीट दिसत नाही. मी गेले की चहा देते, गोड बोलते. मी तिला दोनदा उघड्या मानेचे पक्षी आणून द्यायला बघितले, एकदा पालेगावहून, एकदा कर्जतच्या पुढून. तिनं घेतले नाहीत. "त्ये माझे न्हाईत," म्हणाली. मी अजूनही तिला सांगते की तो रोग मेलेला होता. ती मान हलवते. लहान पोराचं खोटं ऐकताना मोठी माणसं हलवतात तशी.

म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे, दुकानदार. नाव घालत नाही, तुम्ही ओळखाल. मला तुमच्याकडून भरपाई नको. डॉक्टरांना काही सांगू नका, मलाही नको, मला माहीत आहे. फाट्यापर्यंत टमटम जाते, पुढे अर्ध्या तासाची चढण आहे. वर चला. तिच्या ओट्यासमोर उभे राहा आणि तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगा, तुमचा फ्रीज किती दिवस बंद होता. ती विचारेल, मग इकलंस कशाला. त्याचंही उत्तर तुम्हीच द्यायचं आहे. मी बाजूला उभी राहीन, मध्ये बोलणार नाही. तिचं वय झालं आहे. कधी येताय ते सांगा.